ढग गाळणारं जंगल

"वहिनी, ढगच बघायचे तर पहिन्याला जाऊ की. वडापाव धरून दोनशे रुपयांत काम होईल."

कोस्टा रिकाच्या सहलीचे पैसे भरले त्या संध्याकाळी आमच्या भावजींनी टाकलेलं हे वाक्य. घरातले सगळे हसले, मीही हसले. पण आयुष्यभर भूगोल शिकवलेल्या बाईला असं वाक्य नुसतं ऐकून सोडून देता येत नाही. कारण प्रश्न खरा होता. आमच्या नाशिकजवळच्या पहिन्याचा ढग, अंजनेरीचा ढग आणि कोस्टा रिकातल्या मॉन्टेवेर्देचा ढग यांत फरक तो काय? पाणी तेच, वारा तोच. मग तिथं एकेका फांदीवर रोपांची अख्खी बाग का लोंबते, आणि आपल्याकडे दिवाळी झाली की डोंगर पिवळा का पडतो?

परत आल्यावर गंगापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये हे तीनदा सांगून झालं. पुढच्या वर्षी जाणारी आणखी मंडळी आहेत, म्हणून आता लिहूनच काढते. "क्लाउड फॉरेस्ट"ला, म्हणजे ढगांत बुडून राहणाऱ्या डोंगरावरच्या जंगलाला, मी मेघवन म्हणते.

आधी ढग. फ्रिजमधून काढलेली बाटली ओट्यावर ठेवली की तिला घाम फुटतो. बाटली गळत नसते. हवेतली वाफ थंड काचेला टेकते आणि तिचं पाणी होतं. डोंगरावर हेच होतं, फक्त तिथं बाटली लागत नाही. वारा येऊन डोंगराला थटला की त्याला वर चढण्यावाचून गत्यंतर नसतं. वर हवेचा दाब कमी, म्हणून ती फुगते, आणि फुगताना थंड होते. सायकलमध्ये हवा भरताना पंप तापतो ना, त्याच्या बरोबर उलट. कोरडी हवा हजार मीटर चढली की साधारण १० अंशांनी गार होते. वाफेचं पाणी व्हायला लागलं की गार होण्याचा हा वेग मंदावतो, साधारण ६ अंशांवर येतो, कारण पाणी होताना वाफ आपल्यातली उष्णता सोडते. ज्या उंचीवर हवेला तिच्यातली वाफ पेलवेनाशी होते, तिथं ढगाचा तळ. खालून बघणाऱ्याला तो ढग. आत उभ्या असलेल्याला तेच धुकं.

आता नकाशा डोळ्यांपुढे आणा. कोस्टा रिका म्हणजे दोन समुद्रांमधली चिंचोळी पट्टी. पूर्वेला कॅरिबियन, पश्चिमेला पॅसिफिक, मधोमध डोंगरांचा कणा. कॅरिबियनवरून ईशान्येचे व्यापारी वारे येतात. आपल्या नैऋत्य मोसमी वाऱ्यांसारखे चार महिने पाहुणचार घेऊन ते जात नाहीत. वर्षातला मोठा काळ ते वाहतच असतात. मॉन्टेवेर्देचं राखीव जंगल तिलारान रांगेत, समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरच्या आसपास आहे. म्हणजे ढगाचा तळ जिथं येतो, बरोबर तिथं झाडांचे शेंडे. ढग जंगलावरून जात नाही, जंगलातून जातो. उष्ण कटिबंधात अशी जागा बहुधा बाराशे ते तीन हजार मीटरच्या पट्ट्यातच सापडते, आणि तीही तुकड्यातुकड्यांनी. जगातल्या सगळ्या जंगलांत मेघवनांचा वाटा टक्का-दीड टक्क्याच्या घरातला.

इथवर सगळ्यांना पटतं. पुढची गोष्ट मात्र हॉलमध्ये दर वेळी अडते: ढग जंगलातून गेला, तर त्यातून झाडाला काय मिळालं?

ढगातला थेंब अतिशय बारीक असतो, साधारण मिलिमीटरचा पन्नासावा भाग. पावसाचा एक थेंब व्हायला असे दहा लाखांच्या घरातले थेंब एकत्र यावे लागतात. इतका हलका थेंब पडत नाही, वाऱ्याबरोबर आडवा तरंगत जातो. म्हणून पर्जन्यमापक उघड्यावर ठेवला तर त्यात जवळजवळ काहीच जमत नाही. पण ऑगस्टमध्ये पहाटे कसारा घाटातून मोटारसायकलवर आलेल्या माणसाला विचारा. पाऊस नव्हता, तरी भुवया, मिशा, स्वेटरची लव, सगळं निथळत असतं. तरंगणाऱ्या थेंबाच्या वाटेत काही बारीक, केसाळ, खरखरीत आलं की तो तिथं चिकटतो, दुसऱ्याला जाऊन मिळतो, जड होतो आणि मग ओघळतो. मोटारसायकलवाल्याच्या मिशा जे काम करतात, तेच मेघवनात शेवाळ करतं. पानांची टोकं, नेच्यांची झालर, फांदीफांदीवरचा हिरवा लोकरीसारखा थर ही सगळी चाळण आहे. आकाश कोरडं असतं, आणि झाडाखाली टपटप चालू असते. वाट सोडून चार पावलं मोकळ्यावर गेलात की थांबते, परत झाडाखाली आलात की सुरू. आमच्या गटातल्या एका काकूंना हा खेळ इतका आवडला की त्या दहा मिनिटं आत-बाहेर करत राहिल्या.

अशा गाळलेल्या पाण्याचा वाटा जागेप्रमाणे बदलतो. पाऊस भरपूर असेल तिथं पावसाच्या पाच-दहा टक्के, वाऱ्याच्या धारेवरच्या कड्यावर आणि कोरड्या महिन्यांत त्याच्या कितीतरी पट. पण पाण्याच्या हिशेबात आणखी एक जमेची बाजू आहे, ती कुणी सांगत नाही. ढगात पान सतत ओलं राहतं, ऊन जेमतेम लागतं, त्यामुळे झाड हवेत पाणी फारसं सोडतच नाही. मिळकत थोडी जास्त आणि खर्च फारच कमी, असा हा संसार. म्हणून अशा डोंगरांतून निघणारे ओढे उन्हाळ्यातही वाहते राहतात. होंडुरासची राजधानी तेगुसिगाल्पा पिण्याच्या पाण्याचा मोठा हिस्सा ला तिग्रा नावाच्या मेघवनातून घेते.

या ओल्या संसाराची किंमतही आहे. ऊन कमी, म्हणून वाढ हळू. जमीन कायम चिंब, तिच्यात हवा कमी, पाचोळा कुजायला वेळ घेतो. कड्याच्या अगदी माथ्यावर, जिथं वारा थोबाडीत मारल्यासारखा लागतो, तिथं झाडं माणसाच्या उंचीएवढीच राहतात, वाकडीतिकडी, गाठीगाठींची. जाड बुंध्याची, मोठ्या पसाऱ्याची झाडं त्याच्या खाली, आडोशाला.

आता मान वर करा, कारण मेघवनाची खरी वस्ती वर आहे.

फांदीवर वाढणारं रोप दिसलं की आपल्या तोंडून पहिला शब्द निघतो, बांडगूळ. इथं तो चुकीचा आहे. बांडगूळ यजमानाच्या ताटातलं खातं. फांदीत मुळं घुसवून रस ओढतं. मेघवनातले बहुतेक भाडेकरू फक्त जागा वापरतात. पाणी ढगातून घेतात, खत वाऱ्यावर आलेल्या धुळीतून आणि कुजलेल्या पानांतून. आमरी म्हणजे ऑर्किड्स, नेचे, शेवाळं, आणि दगडफूल. हो, गोडा मसाल्यात घालतो तेच दगडफूल. किंवा त्याच्या नात्यातलं म्हणू. दगडफूल हे फूल नाहीच. ती बुरशी आणि शैवाल यांची भागीदारी आहे: बुरशी घर बांधते, शैवाल उन्हावर स्वयंपाक करतं. मॉन्टेवेर्देत त्याच्या भाऊबंदांतला एक प्रकार फांद्यांवरून राखाडी-हिरव्या दाढीसारखा लोंबतो.

भाडेकरूंमध्ये सगळ्यात श्रीमंत ब्रोमेलियाड. अननसाच्या कुळातलं हे रोप. अननसाचा शेंडा आठवा, पानं एकमेकांत कशी खोवलेली असतात. तसाच पसरट पेला, आणि त्यात पाणी साठलेलं. त्या पाण्यात डासांच्या अळ्या, किडे, काही जातींच्या बेडकांची पिल्लं. जमिनीपासून वीस-पंचवीस मीटरवर टांगलेलं एक तळं, आणि एका झाडावर अशी कितीतरी तळी. ओली फांदी स्वतःच्या भाडेकरूंच्या वजनाने मोडून पडते, तो आवाज आम्ही दोनदा ऐकला. वाटाड्या चालता चालता थबकला आणि म्हणाला, बघा, फुकटची लायब्ररी खाली आली. पडलेल्या फांदीभोवती आम्ही पाऊण तास बसलो. मला विचाराल तर झुलत्या पुलांपेक्षा तो पाऊण तास मोलाचा होता.

फांद्यांवरच्या शेवाळाखाली कुजून कुजून खरी माती तयार होते, काळी, भुसभुशीत, गांडुळांसकट. आणि इथं आपल्याला ओळखीचं वाटणारं एक आडनाव येतं. नलिनी नाडकर्णी. वडील भारतीय, जन्म-शिक्षण अमेरिकेतलं. झाडांच्या शेंड्यांवर गिर्यारोहकांच्या दोरांनी चढून अभ्यास करणाऱ्या पहिल्या पिढीतल्या त्या शास्त्रज्ञ, आणि मॉन्टेवेर्दे ही त्यांची कर्मभूमी. १९८१ मध्ये त्यांनी दाखवून दिलं की काही झाडं स्वतःच्याच फांद्यांतून मुळं फोडतात आणि ती शेवाळाखालच्या त्या मातीत घालतात. म्हणजे वरच्या मजल्यावर भाडेकरूंनी जमवलेली पुंजी घरमालक गुपचूप वापरतो. मग कोण कुणाचं बांडगूळ?

एवढं ऐकल्यावर हॉलमधला कुणीतरी हटकून विचारतो, "आपल्याकडे पाऊस काय कमी पडतो का?"

कमी नाहीच. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो. मॉन्टेवेर्देला अडीच-तीन हजार. आकड्यांत आपण त्यांच्या बरोबरीने आहोत. पण इगतपुरीचा जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबरात उरकतो. ऑक्टोबर उजाडला की ढग गेला, वारा फिरला, आणि मेपर्यंत डोंगर भाजत राहतो. मेघवनाला पाऊस किती यापेक्षा कोरडे दिवस सलग किती, हा प्रश्न महत्त्वाचा. शेवाळाला मूळ नसतं; ओल गेली की ते वाळतं. शिवाय ब्रह्मगिरी १२९८ मीटर, अंजनेरी त्याच्या आगेमागे. बसाल्टच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळपठारावर, मातीचा थर बोटभर. मोठं झाड पाय रोवणार कुठं? भारतातली मेघवनासारखी जंगलं बघायची तर सह्याद्रीच्या दक्षिण टोकाकडे, निलगिरी-अनामलाईच्या शोलांत, म्हणजे तिथल्या दऱ्याखोऱ्यांतल्या सदाहरित जंगलांत, जावं लागतं. तिथं उंचीही आहे आणि ढगांचा मुक्कामही लांब.

पण म्हणून आपला डोंगर गरीब ठरत नाही. मी अंजनेरीला चार महिन्यांचं मेघवन म्हणते. फेब्रुवारीत कातळावर जी तपकिरी, करपलेली साल दिसते, ती मेलेली नसते. पहिल्या वळवाचं पाणी पडलं की तेच शेवाळ तासाभरात हिरवं होतं. सड्यावरची बहुतेक झाडोऱ्याची जात कंद नाहीतर बी होऊन आठ महिने झोपते आणि चार महिन्यांत संसार उरकते. त्यातलीच एक खर्चुडी, कंदिलासारख्या फुलाची. अंजनेरीवरच सापडलेली तिची एक जात २००६ मध्ये शास्त्राला नवी म्हणून नोंदली गेली आणि तिला अंजनेरीचंच नाव मिळालं, सेरोपेजिया अंजनेरिका. फुलाची नळी म्हणजे चिलटांचा सापळा. आतले केस खाली वळलेले, आत शिरता येतं, बाहेर पडता येत नाही. परागकण अंगाला लागले, फूल जुनं झालं, केस सुकले की सुटका. मारण्यासाठी नव्हे, कामाला लावण्यासाठी केलेली ही कैद. सहलीला निघण्याआधी रंगीत तालीम म्हणून आम्ही ऑगस्टात अंजनेरीला गेलो होतो. पायथ्याच्या गावातला एक दादा सोबत होता. आम्ही चौदा जण जिथून बोलत बोलत पुढे गेलो, तिथं तो बसला आणि गवतातून बोटाने ते फूल उचलून दाखवलं. "ताई, तुम्ही लांब बघताय," एवढंच म्हणाला. याचे कंद लहानपणी खाल्लेत हेही सांगितलं, जरा ओशाळून.

वाटाड्या कशाला लागतो, याचं उत्तर मला तिथंच मिळालं होतं. मॉन्टेवेर्देत ते पक्कं झालं.

तिथला वाटाड्या तिपाईवर लावलेली दुर्बीण खांद्यावर घेऊन चालतो, आणि तीन तासांत तुम्हाला दोन किलोमीटरसुद्धा चालवत नाही. पहिल्या दिवशी आमच्यातले दोघे कंटाळले. सप्तशृंगीचा गड धडाधड चढणारी माणसं ती. पण मेघवनात अंतर कापून काही हाती लागत नाही. सगळ्यांना बघायचा असतो केत्साल, पाचूसारखा हिरवा, लाल पोटाचा पक्षी. नराच्या शेपटीची पिसं दीड हात लांब. एवढा भडक पक्षी, पण ओल्या पानांत समोर असून दिसत नाही. आमचा वाटाड्या पक्षी शोधतच नव्हता. तो रान-अवोकॅडोचं झाड शोधत होता. दालचिनी-तमालपत्राच्या कुळातलं हे झाड, लहान लहान फळांचं. केत्साल फळ अख्खं गिळतो, गर पचवतो आणि बी तोंडातून बाहेर टाकतो. वाटेवर ताज्या, ओल्या बिया पडलेल्या दिसल्या की वर बघायचं. मार्च ते जून हा त्यांच्या विणीचा काळ. कुजलेल्या, उभ्या वाळक्या खोडात ते ढोली करतात. आपण ज्या खोडाला "वाळलंय, तोडून टाका" म्हणतो, ते त्यांचं सूतिकागृह. फळांचा हंगाम सरला की केत्साल उतारावर खाली जातो. म्हणजे नुसता माथा राखून भागत नाही, पायथाही राखावा लागतो. ही साखळी पाटीवर लिहिता येते, पण बियांपासून वर बघायला कुणीतरी मान धरून शिकवावं लागतं.

भटकंतीच्या जाहिरातीत "निसर्ग आणि संस्कृती" असं लिहिलेलं असतं. मला वाटलं होतं संस्कृती म्हणजे शेवटच्या संध्याकाळी नाच आणि खरेदी. तसं निघालं नाही. मॉन्टेवेर्देचं जंगल उरलं तेच एका विचित्र इतिहासामुळे. १९४९ मध्ये अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात क्वेकर पंथाच्या चार तरुणांनी सैन्यभरतीच्या यादीत नाव नोंदवायला नकार दिला, त्यांना तुरुंगवास झाला. युद्ध नको म्हणणारा हा पंथ. कोस्टा रिकाने १९४८ मध्येच आपलं सैन्य बरखास्त केलं होतं. १९५१ मध्ये अकरा कुटुंबं, चव्वेचाळीस माणसं, या डोंगरावर येऊन राहिली. रस्ता असा की दूध खाली पोचेपर्यंत नासायचं, म्हणून त्यांनी चीज करायला घेतलं. जमिनीची वाटणी करताना वरचं साडेपाचशे हेक्टरांचं जंगल त्यांनी कुणालाच दिलं नाही. कारण अगदी व्यवहारी होतं: ओढे तिथून निघत होते. पक्ष्यांचं प्रेम नंतर आलं, शास्त्रज्ञ नंतर आले. १९७२ मध्ये राखीव जंगलाची स्थापना झाली. पुढे १९८७ मध्ये स्वीडनमधल्या एका खेडेगावातल्या शाळेच्या मुलांनी जंगल विकत घेण्यासाठी पैसे जमवायला सुरुवात केली, त्यातून शेजारी मुलांचं जंगल उभं राहिलं. आज ते बावीस हजार हेक्टरांहून मोठं आहे.

एक तक्रार मात्र नोंदवते. क्वेकर येण्याआधीपासून तिथं कोस्टा रिकन शेतकरी कुटुंबं होती, आणि माहितीपत्रकांत त्यांना जेमतेम एक ओळ मिळते. आम्हाला ती भेटली उसाच्या घाण्यावर. त्रापिचे म्हणतात त्याला. रस आटवून शंकूच्या आकाराच्या साच्यात ओततात. तापा दे दुल्से. म्हणजे काय? गूळ! कढईवरचा वास आला आणि आमच्या बसमधली निम्मी माणसं न सांगता उतरली. मग त्यांनी पाहुणचार म्हणून तो गूळ गरम पाण्यात विरघळवून दिला. दाराशी आलेल्याला गूळ-पाणी! चौदा नाशिककर एकमेकांकडे बघत राहिले. कॉफी ते लाकडी चौकटीला अडकवलेल्या कापडी पिशवीतून गाळतात, आपण चहा गाळतो तशी, अगदी हळू. सकाळी भात आणि काळ्या घेवड्याची उसळ एकत्र परतून खातात. शिळ्या भाताची कदर असलेली माणसं. त्यांच्या शेताच्या कुंपणाला जी जिवंत झाडं लावलेली होती, ती बघून तर मी हसलेच. गिरीपुष्प. आपल्या टेकड्यांवर सरकारी लागवडीत सर्रास दिसणारं झाड मूळचं या मुलखातलं.

एक दिवस दुपारी धुकं इतकं दाट झालं की चालणं थांबवावं लागलं. आडोशाला बसून मी वाटाड्याला ब्रह्मगिरीची गोष्ट सांगितली, मोडक्यातोडक्या इंग्रजीत. गौतम ऋषी, गोहत्येचा आळ, तपश्चर्या. आणि शंकराने जटा डोंगरावर आपटल्या, त्यातून निघालेली गोदावरी. जटा कशा ते सांगताना समोरच्या फांदीवरून लोंबणारं, निथळणारं ते दाढीसारखं दगडफूल दाखवलं. पुराण म्हणजे विज्ञान असं म्हणणाऱ्यांतली मी नाही. पण उंच डोंगराच्या माथ्यावर केसांत अडकलेलं पाणी, ही प्रतिमा ज्याला सुचली तो श्रावणात ब्रह्मगिरीवर धुक्यात उभा राहिला असणार, एवढं मी पैजेवर सांगते. वाटाड्याने खिशातली वही काढून "जटा" हा शब्द मला दोनदा म्हणायला लावून त्याच्या लिपीत लिहून घेतला.

मॉन्टेवेर्देहून पश्चिमेला उतरलात की तासाभरात हवा कोरडी होते, आणि पुढे ग्वानाकास्तेच्या मैदानात उन्हाळ्यात पानं गाळणारं, अगदी आपल्यासारखं जंगल लागतं. ओलावा पूर्व उतारावर खर्च होतो, पलीकडे उतरणारी हवा गरम आणि कोरडी. पर्जन्यछाया. इगतपुरीहून नाशिक शहरात आलं की पाऊस पाव-एक राहतो, आणि सिन्नरला त्याहून कमी, ते याच कारणाने. इगतपुरी-सिन्नर एवढ्या प्रवासात हा धडा खिडकीतून दिसतो. मी मुलांना तसाच शिकवायचे.

एक गोष्ट सांगायची राहिली, आणि ती सांगताना हॉल शांत होतो. मॉन्टेवेर्देच्या माथ्यावर, जगात फक्त तिथंच, एक सोनेरी भेक राहायचा. नर झळझळीत नारिंगी, जणू एनॅमलचा रंग दिलेला. वर्षातले थोडे दिवस डबक्यांशी गोळा व्हायचे, एरवी जमिनीखाली. १९८७ मध्ये दीड हजारांहून जास्त मोजले गेले. १९८८ मध्ये हाताच्या बोटांवर मोजता येतील इतके. १९८९ च्या मे महिन्यात एक. त्यानंतर एकही नाही; २००४ मध्ये ती जात नामशेष म्हणून जाहीर झाली. त्या काळात एल निन्योमुळे डबकी लवकर आटली होती, आणि बेडकांच्या कातडीला लागणारी एक बुरशी जगभर पसरत होती. दोन्हींचा कमीजास्त वाटा किती, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे. आणखी एक धागा ढगाचा. समुद्र तापला आणि खालची मैदानं झाडांविना तापली, की हवेला गार व्हायला जास्त उंची लागते; ढगाचा तळ वर सरकतो. ढग शंभर मीटर वर गेला तर प्राणीही शंभर मीटर वर जातील, पण डोंगर वाढत नाही. माथ्यावरच्याने कुठं जायचं?

म्हणूनच वाटेच्या सुरुवातीला बूट घासून धुवायला सांगतात, तेव्हा कुरकुर करू नका. ती बुरशी चिखलातून जाते. बाकी तयारी थोडक्यात. छत्री नको, वाऱ्यात उलटी होते. आपल्याकडच्या इरल्यासारखं डोक्यापासून खाली उतरणारं काहीतरी हवं, म्हणजे लांब रेनकोट किंवा पोंचो. तापमान बहुधा १५ ते २२ अंश, पण ओल्या वाऱ्यात अंगात शिरतं, म्हणून एक स्वेटर. कॅमेऱ्याच्या पिशवीत सिलिकाच्या पुड्या, नाहीतर भिंगावरच शेवाळ धरायचं. डिसेंबर ते फेब्रुवारी वारा-धुक्याचे, मार्च-एप्रिल जरा उघडे, मेपासून खरा पाऊस. भडंग-बाकरवडी न्या, पण जंगलात पिशवी उघडू नका. कोआटी नावाचा लांब नाकाचा, शेपटी उभी धरून चालणारा प्राणी तिथला सराईत भामटा आहे. आमच्या एका काकांचे शंकरपाळे त्याने कागदासकट पळवले. आणि रात्रीची फेरी चुकवू नका. टॉर्चच्या उजेडात पानाखाली झोपलेला बेडूक बघताना चौदा नाशिककर अर्धा तास गप्प बसू शकतात, हे मला स्वतःला तोवर ठाऊक नव्हतं.

केत्साल आम्हाला तिसऱ्या दिवशी दिसला, चाळीस सेकंद. एका काकूंना तेवढ्यात चष्मा पुसायचा होता.

या ऑगस्टात आम्ही परत अंजनेरीला गेलो. या वेळी भावजीही आले. चिलीतल्या चुंगुंगो गावाने १९९० च्या दशकात डोंगरावर जाळ्या उभारून ढगातून पिण्याचं पाणी मिळवलं होतं, ते मी त्यांना सांगितलं होतं. त्यांचा विश्वास नव्हता. म्हणून घरची जुनी मच्छरदाणी, दोन काठ्या, एक पत्र्याची पन्हळ आणि स्टीलचा पेला असं साहित्य घेऊनच गेलो. पठारावर पावसाला खळ पडलेला, पण ढग अंगावरून वाहत होता. वाऱ्याच्या आडवी जाळी धरली. भावजींनी एक काठी धरली, मी दुसरी. दादा कारवीच्या आडोशाला बसून आमच्याकडे बघत होता. पंधरा मिनिटांत जाळीच्या भोकाभोकांत थेंब बसले, मग एकेक करून ओघळायला लागले. तासाभरात पेला अर्ध्याला आला.

भावजींनी पेला नाकाशी नेला. "मच्छरदाणीचा वास येतोय," म्हणाले, आणि पिऊन टाकला.